काळ्या पडद्यावरचा पांढरा पट्टा

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला आणि नंबर न बघताच मी ओळखलं, कुठल्यातरी दूध संस्थेचा असणार. त्या वेळेला मला दुसरं कोण उठवणार?

"मॅडम, काळ्या पडद्यावर लय काय काय पळायलंय. पावती काय निघंना. भायेर लाईन लागलीया."

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या संस्थेचे हे सचिव. गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्यांत आमचं तिघांचं ऑफिस आहे आणि आसपासच्या काही दूध संस्थांना आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर दिलंय. काम ऐकायला साधं आहे. उत्पादक दूध घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, फॅटचं मशीन फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, सांगतं. आमचा प्रोग्रॅम दोन्हीकडचे आकडे केबलमधून वाचतो, दरपत्रकातून दर काढतो, नोंद ठेवतो आणि छोट्या प्रिंटरवर पावती मारतो. ४.२० लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१, दर अमुक, रक्कम तमुक. दहा दिवसांचं बिल याच नोंदींवर निघतं. एक पावती चुकली की दहाव्या दिवशी संस्थेच्या दारात भांडण ठरलेलं.

आबा ज्याला काळा पडदा म्हणत होते तो आमचा कन्सोल. मुख्य खिडकीच्या शेजारी ती काळी खिडकी उघडी असते आणि प्रोग्रॅम काय करतोय ते तिच्यात लिहीत राहतो. काटा सेकंदाला पाच-सहा वेळा वजन पाठवतो आणि मी प्रत्येक वजन इमानदारीने त्या खिडकीत प्रिंट करून ठेवलं होतं. का? तर सुरुवातीला काट्याशी बोलणं जमत नव्हतं तेव्हा शोधाशोध करायला ते घातलं, आणि काम झाल्यावर काढायचं राहिलं.

"आबा, एरर असं कुठं लिहिलंय का बघा."

"एवढं इंग्लिश पळायलंय, त्यात कुठलं बघू?"

मग त्यांनी फोटो पाठवला. हललेला. त्यात वजनाच्या पंचवीस ओळी, सगळ्या करड्या, सगळ्या सारख्या. मला हवी ती ओळ केव्हाच वर निघून गेली होती. शेवटी अंदाजाने सांगितलं की फॅटच्या मशीनचा यूएसबीचा जोड काढून परत लावा, तेवढ्याने भागलं. पण तोवर चाळीस मिनिटं गेली होती. आबांनी वहीत हाताने नोंदी घेतल्या आणि दूध न्यायला आलेल्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला. तो हॉर्न फोनवर मलाही ऐकू येत होता.

त्याच दिवशी ठरवलं, लॉगला, म्हणजे काळ्या पडद्यावरच्या या नोंदींना, रंग द्यायचे. चूक झाली की लाल. आबांना एवढंच विचारायचं, लाल दिसतंय का?

रंग देण्याआधी प्रोग्रॅममधल्या त्या प्रिंटच्या ओळी काढून टाकणं आलं. आमचा प्रोग्रॅम पायथन या भाषेतला. पायथनसोबतच येणाऱ्या लॉगिंगच्या सोयीत प्रत्येक नोंदीला दर्जा देता येतो: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. आकड्यांमध्ये दहा-दहाचं अंतर का ठेवलंय हे मला आधी कोडं होतं. मध्ये आपला एखादा दर्जा घुसवायचा झाला तर जागा असावी म्हणून. प्रिंटच्या दोनशेच्या वर ओळी होत्या. प्रत्येकीपाशी थांबून ठरवायचं, ही बातमी कोणत्या दर्जाची? या कामात पूर्ण दोन दिवस गेले आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात उपयोगाचं काम तेच होतं. 'फॅट वाचला नाही, पुन्हा प्रयत्न करतोय' ही वॉर्निंग. 'तीनदा प्रयत्न केला, नाहीच' ही एरर. काट्याचं वजन डीबग. काही ओळी मी स्वतः तीन वर्षांपूर्वी कशासाठी लिहिल्या होत्या तेच आठवेना. त्या उडवल्या.

रंगाचं तंत्र मात्र मजेदार आहे. टर्मिनलला, म्हणजे अशा काळ्या खिडकीला, रंग सांगायचा तर मजकुरातच सांगावं लागतं. आधी एस्केप नावाचं न दिसणारं अक्षर, आस्की या अक्षरांच्या क्रमवारीत त्याचा क्रमांक २७. मग उघडणारा चौकटी कंस, मग रंगाचा आकडा, शेवटी एम हे अक्षर. ३० काळा, ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा, असं ३७ म्हणजे पांढऱ्यापर्यंत. त्यात दहा मिळवले की तोच रंग पाठीमागे येतो, ४१ म्हणजे लाल पार्श्वभूमी. आणि ० म्हणजे पुसा सगळं, पूर्ववत करा. तो शून्य विसरलात तर पुढचं सगळं लाल. प्रोग्रॅम बंद झाला तरी टर्मिनल रागावल्यासारखं लालच राहतं.

ही पद्धत आपल्या जन्माच्या आधीची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचा टर्मिनल, तेव्हाचं पडदा-कीबोर्डचं यंत्र, काढला, त्याने या एस्केपच्या खुणा घराघरांत, म्हणजे त्या काळच्या कॉम्प्युटरच्या खोल्याखोल्यांत नेल्या. गंमत म्हणजे त्या टर्मिनलचा पडदा एकरंगी होता. ठळक करणं, अधोरेखित करणं, लुकलुकवणं, उलटं करणं एवढंच त्याला जमायचं. आज माझ्या लॅपटॉपवरचं टर्मिनल दीड कोटीच्या वर छटा दाखवू शकतं आणि तरी आतून त्याच बोलीत बोलतं.

फॉरमॅटर, म्हणजे नोंदीला पडद्यावरचं रूप देणारा तुकडा, लिहिला. नोंद आली की दर्जा बघायचा, त्या दर्जाच्या नावाभोवती रंगाची खूण आणि शेवटचा शून्य गुंडाळायचा. वीस-पंचवीस ओळींचं काम. ऑफिसातल्या आमच्या धाकट्या सहकाऱ्याने उत्साहाने पाच दर्जांना पाच रंग वाटले: डीबग फिकट करडा, इन्फो हिरवा, वॉर्निंग पिवळी, एरर लाल, क्रिटिकल जांभळट. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे सगळं झळझळीत दिसलं. पण रकाने वाकडे झाले. दर्जाच्या नावाला मी आठ अक्षरांची जागा ठेवली होती, म्हणजे पुढचा मजकूर एका रेषेत यावा. आता रंगाच्या खुणेची पाच अक्षरं आणि पुसण्याची चार मिळून नऊ अक्षरं अशी, जी डोळ्याला दिसत नाहीत पण पायथन मोजतो. इंग्रजीत चार अक्षरांचा इन्फो त्याच्या हिशेबी तेरा अक्षरांचा झाला. आठची जागा कधीच भरली, मग मोकळी जागा सोडायचा प्रश्नच नाही. इलाज सोपा निघाला. आधी नाव आठ अक्षरांपर्यंत ताणायचं, रंग नंतर चढवायचा. म्हशीला आधी धुवायचं, मग शिंगं रंगवायची, असं सहकारी म्हणाला. तो गावाकडचा आहे.

शनिवारी दुचाकीवर पेन ड्राइव्ह घेऊन गावाला गेले. संध्याकाळचं संकलन सुरू व्हायला तासभर होता. संस्थेचं ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली, भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो आणि दरपत्रक, कोपऱ्यात काटा, टेबलावर फॅटचं मशीन आणि त्याच्या शेजारी धुळीने करडा झालेला कॉम्प्युटर. मी नवीन आवृत्ती टाकली, चालू केली आणि काळ्या पडद्यावर उमटलं ते बघून माझाच चेहरा उतरला. प्रत्येक ओळीत डावीकडे तोंड केलेला एक बाण, त्याच्यापुढे चौकटी कंस, ३२ आणि एम. मग इन्फो. मग पुन्हा बाण, कंस, शून्य, एम. रंग कुठेच नाही.

"ह्यो बाण कशाचा?" आबांनी विचारलं.

त्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे. ते मला माहीत होतं. त्याच्यासाठीच तर आम्ही पायथन ३.८ वर अडून बसलोय, कारण विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची आवृत्ती. पण विंडोजच्या जुन्या कन्सोलला एस्केपच्या या खुणा कळतच नाहीत, हे डोक्यातच आलं नाही. ती समज विंडोज १० मध्ये आली, आणि तिथेही प्रोग्रॅमने मागून घ्यावी लागते. जुन्या कन्सोलला २७ क्रमांकाचं अक्षर म्हणजे नुसतं एक चित्र, डावीकडचा बाण. तो बिचारा मी दिलेला हुकूम मोठ्याने वाचून दाखवत होता, पाळत नव्हता.

अशा वेळी कलोरामा नावाचं एक छोटं पॅकेज कामाला येतं. ते मध्ये उभं राहतं, एस्केपच्या खुणा काढून घेतं आणि त्यांच्याऐवजी विंडोजला समजेल अशा भाषेत रंग बदलायला सांगतं. मोबाइलच्या इंटरनेटवर ते उतरवलं, घातलं, चालू केलं. बाण तसेच. पुन्हा वाचून बघितलं, सगळं बरोबर. बाण तसेच. बाहेर सायकलींना लटकवलेल्या किटल्यांचा आवाज यायला लागला होता. शेवटी कळलं. लॉगिंगचा हँडलर, म्हणजे नोंद पडद्यावर किंवा फाइलमध्ये पोचवणारा भाग, तयार होताना कन्सोलकडे जाणारी वाट हातात धरून ठेवतो. कलोरामा नंतर येऊन त्या वाटेवर आपला नाका उभा करतो, पण हँडलरच्या हातात जुनीच वाट असते, नाक्यावरून न जाणारी. कलोरामा सुरू करायची ओळ मी हँडलरच्या खाली लिहिली होती. तीन ओळी वर नेली आणि पडद्यावर रंग आले.

रंग आले, पण माझ्या लॅपटॉपवरचे नव्हते. विंडोजच्या जुन्या कन्सोलचा पिवळा म्हणजे शेणकाला कालवल्यासारखा, आणि निळा तर काळ्यावर वाचताच येत नाही. मायक्रोसॉफ्टने ते रंग बदलले ते २०१७ मध्ये, विंडोज १० साठी. आम्ही निळा वापरलाच नव्हता, सुटलो. पिवळा ठळक केला की जरा उजळतो, तेवढं केलं. जाताना मी आणखी एक शहाणपणा केला: खिडकीच्या गुणधर्मात जाऊन माउसने मजकूर निवडायची सोय चालू करून ठेवली. म्हटलं, पुढच्या वेळी मी आले तर कॉपी करायला बरं. आबांना सांगितलं, लाल ओळ आली की फोन करायचा, बाकी कशाकडे बघायचं नाही.

सोमवारी सकाळी सव्वासहाला फोन.

"मॅडम, सगळं थांबलंय. काटा दाखवतोय, पडद्यावर काय हलंना."

"लाल ओळ आली का?"

"लाल न्हाई. हिरवीच हाय शेवटची. मी पोराला बोट दाखवाया म्हणून उंदीर फिरवला नुस्ता, तवापासनं बंद."

उंदीर फिरवला हे ऐकूनही माझी ट्यूब पेटायला पाच मिनिटं लागली. आबांनी त्या ओळीवर क्लिक केलं होतं. निवडायची सोय चालू असली की क्लिक करताच विंडोज तो पडदा गोठवतं, म्हणजे तुम्ही निवडत असताना मजकूर हलू नये. प्रोग्रॅमला पुढची ओळ लिहायची असते, पडदा घेत नाही, प्रोग्रॅम तिथेच वाट बघत उभा. त्याच्यामागे काटा, मशीन, प्रिंटर आणि कॅन घेतलेली तीस माणसं. खिडकीच्या वरच्या पट्टीत तेवढा 'सिलेक्ट' हा शब्द येतो, पण तो कोण बघतंय? एस्केपचं बटण दाबायला सांगितलं आणि अडलेल्या सगळ्या ओळी भसाभस सुटल्या, पाठोपाठ प्रिंटरही.

विंडोज १० मध्ये ही सोय मुळातच चालू असते, त्यामुळे हा फटका कुणालाही बसू शकतो. पण इथे तो दोष विंडोज १० चाही नव्हता. मी माझ्या हाताने चालू केली होती ती. आबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "व्हतंय. तुमीबी माणूसच की."

त्या दिवशी दुपारी सोय बंद केली आणि दुसरं कामही केलं, जे खरं तर आधीच करायला हवं होतं. लॉगच्या नोंदी थेट कन्सोलवर न लिहिता एका रांगेत टाकायच्या आणि वेगळ्या धाग्याने, म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या दुसऱ्या कामाने, त्या रांगेतून उचलून लिहायच्या. पायथनमध्ये त्याची तयार सोय आहे. आता पडदा गोठला तर लॉग गोठेल, दूध नाही. संकलन थांबवायचा हक्क लॉगला कधीच नसावा. आमच्याकडे तो होता, तीन वर्षं, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आठवडाभर फोन नाही. मी खुशीत. रविवारी लॉगची फाइल मागवून घेतली आणि चौकटी कंसातला एरर हा शब्द शोधला. एकही नाही. सहकाऱ्याला म्हटलं, बघ, जोड नीट बसल्यावर मशीन शहाणं झालं. तो जरा संशयी स्वभावाचा. त्याने फाइल उघडून डोळ्यांनी वाचली. एरर होत्या, अकरा होत्या. पण कंस आणि शब्द यांच्यामध्ये ती न दिसणारी खूण बसलेली होती, म्हणून शोधणाऱ्याला सापडत नव्हत्या.

पण फाइलच्या फॉरमॅटरमध्ये तर रंग नव्हताच! तो साधा होता, मीच लिहिलेला. मग रंग फाइलमध्ये शिरला कसा? उत्तर असं, की लॉगिंगमध्ये एक नोंद तयार होते आणि तीच नोंद एकेका हँडलरकडे फिरते. कन्सोलच्या फॉरमॅटरने त्या नोंदीतलंच दर्जाचं नाव रंगवून टाकलं. पुढे फाइलच्या हाती पोचेपर्यंत नोंद रंगलेलीच. रंगपंचमीला एकाला रंगवावं आणि तो जाऊन घरातल्या सोफ्यावर बसावा, तसं झालं. आता फॉरमॅटर आधी नोंदीची प्रत काढतो, प्रत रंगवतो, मूळ तशीच पुढे देतो. जोडीला आणखी एक तपासणी घातली: समोर खरंच टर्मिनल आहे का? नसेल, कुणी फाइलकडे वळवलं असेल, तर रंग नाही. आणि नो-कलर नावाचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली 'रंग नको' ही सूचना, ठेवलेलं असेल तरी रंग नाही. तो संकेत २०१७ पासून रूढ होतोय, बरेच प्रोग्रॅम पाळतात, आपणही पाळावा.

हे सगळं दुरुस्त करताना खरा प्रश्न मात्र माझ्या ध्यानात उशिरा आला. अकरा एरर झाल्या होत्या, म्हणजे अकरा वेळा लाल ओळ आली होती. मग आबांनी फोन का केला नाही?

विचारलं तर म्हणाले, लाल आलीच नाही.

बुधवारी संध्याकाळी गेले आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. म्हशींचं दूध येत होतं, पावत्या निघत होत्या, हिरव्या ओळी वर सरकत होत्या. मुद्दाम फॅटच्या मशीनचा जोड ढिला केला. पिवळी, पिवळी, पिवळी, लाल. पडद्याच्या मध्यभागी.

"आबा, ही आली बघा."

"कुठली?"

मी बोट ठेवलं.

"ह्यी? ह्यी तर अंधारातली वळ हाय. बाकीच्या जरा उजेडात हायत, ह्यी बारीक दिसती. मला वाटलं हिचं काय काम नसंल."

डीबगच्या ओळी बिनकामाच्या म्हणून आम्ही फिकट केल्या होत्या. आबांनी पडद्यावरची ती चाल बरोबर ओळखली होती, फिकट म्हणजे सोडून द्यायची. आणि लाल त्यांच्या डोळ्यांना सगळ्यात फिकट दिसत होती. हिरव्या आणि पिवळ्यातला फरकही सांगता येईना. "दोन्ही एकच की. एक जरा जास्त उजेडातली."

मग हळूहळू निघालं. तरुणपणी ड्रायव्हरच्या भरतीला गेले होते, तिथे डोळे तपासताना ठिपक्यांच्या गोलात आकडा वाचायला सांगितला. "शेजारचा म्हणाला चौऱ्याहत्तर. मला नुस्ते ठिपके." तेव्हा परत पाठवलं, आणि तो विषय त्यांनी तिथेच सोडला. ठिपक्यांच्या त्या पाट्या शिनोबु इशिहारा या जपानी डॉक्टरने १९१७ मध्ये प्रसिद्ध केल्या, अजून जगभर त्याच वापरतात. लाल-हिरव्यातला हा दोष मुलाला आईकडून येतो आणि पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. काहींना त्यात लाल रंग नुसता वेगळा दिसतो असं नाही, तो काळपट, विझल्यासारखा दिसतो. काळ्या पडद्यावर तर तो जवळजवळ बुडतोच. माझ्याकडे वाचायला हे सगळं होतं. प्रोग्रॅमवर रंग चढवताना मी ते वाचलं नव्हतं.

"मग मिरची पिकली का हिरवी, ते कसं कळतं तुम्हाला?"

"ते हिला इचारतो. संस्थेत ही न्हाई ना, हितं मलाच बघाय लागतंय."

दूध संपल्यावर, साडेसातच्या सुमाराला, मी लॅपटॉप बाजूला ठेवून त्यांच्याच कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकच वाक्य वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर, एकाखाली एक. आबांनी चष्मा पुसला आणि सचिव मीटिंगचं इतिवृत्त वाचतात तशा गांभीर्याने एकेक ओळ बघितली. दरवाजात उभं राहूनही बघितली, कारण सकाळी ते काट्यापाशी उभे असतात, खुर्चीत नसतात. ही गोष्टही मला तोवर ठाऊक नव्हती. आकाशी बरा म्हणाले. उजळ पिवळा चांगला. जांभळट नको. लाल पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं बघून म्हणाले, अक्षरं दिसतात, मागचं काय दिसत न्हाई. आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं आली तसे लगेच बोट पुढे करून थांबले. "ह्यो पट्टा ठेवा."

मी तिथल्या तिथे ठेवला. अक्षर आणि पार्श्वभूमी उलटी करायला टर्मिनलमध्ये ७ हा स्वतंत्र आकडा आहे, पण कलोरामाला विंडोजवर तो जमत नाही, म्हणून सरळ ३० आणि ४७ दिले. हिरवा काढून टाकला. नेहमीच्या गोष्टीला रंग कशाला? पावती निघाली, बरं झालं, साध्या करड्या अक्षरांत लिहा. वजनाच्या डीबग ओळी कन्सोलवरून हलवून फक्त फाइलमध्ये नेल्या. उरलं काय, तर वॉर्निंगला उजळ पिवळा आणि एररला पांढरा पट्टा. पाचाचे दोन झाले. ऑफिसात परत आल्यावर सहकाऱ्याने जांभळट रंगासाठी थोडी हुज्जत घातली. क्रिटिकल वेगळं नको का? त्याला विचारलं, क्रिटिकल आलं तर आबांनी वेगळं काय करायचं? फोनच ना? मग पट्टा एकच.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण आबांनी जाता जाता एक टोमणा मारला होता. "पट्टा दिसंल मॅडम, पण त्यात ल्हिलंय काय ते तुमालाच कळणार." पट्ट्यात केबल जोडायच्या सिरियल पोर्टच्या चुकीचं ते लांबलचक इंग्रजी नाव होतं. म्हटलं, मराठीत लिहू. देवनागरीत लिहिलं तर त्या जुन्या कन्सोलवर नुसते चौकोन उमटले. त्याला जोडाक्षरं, वेलांट्या काही जमत नाही. मग ज्या लिपीत आबा व्हॉट्सअ‍ॅपवर नातवाला लिहितात त्या रोमन लिपीत मराठी घातलं. फॅट मशीनची केबल काढून परत लावा. प्रिंटरचा कागद बघा. नेट नाही, पण नोंद झाली आहे, काळजी नको. ओळीच्या सुरुवातीला तीन उद्गारचिन्हं, म्हणजे हललेल्या फोटोतसुद्धा कळावं. मूळ इंग्रजी सगळं फाइलमध्ये, माझ्यासाठी.

बाकीच्या संस्थांनाही हीच आवृत्ती दिली. तिथल्या सचिवांचे डोळे चांगले आहेत असं ते म्हणतात, पट्ट्याबद्दल कुणाची तक्रार नाही. एकाने हिरव्या ओळी कुठे गेल्या असं विचारलं, कारण हिरवं दिसलं की त्याला बरं वाटायचं.

फेब्रुवारीत सकाळी साडेसहाला आबांचा फोन आला.

"मॅडम, पांढरा पट्टा आला."

"काय लिहिलंय?"

त्यांनी अक्षर लावून वाचलं. फॅट मशीनची केबल काढून परत लावा.

"मग लावा की."

"लावली. चालू झालंय. पावत्या निघायल्यात."

"मग फोन कशाला केला?"

"न्हवं, पट्टा वर सरकत सरकत गेला. आता दिसंना. त्यो परत कसा आणायचा?"

"आणायचा कशाला? गेला ते बरंच झालं ना."

"चेअरमनला दाखवायचाय ओ. नवीन केबल मंजूर करत न्हाईत. म्हणत्यात, चाललंय की."

मी म्हटलं, फाइलमध्ये सगळं आहे, तारीख-वेळेसकट, मी यादी काढून देते.

"यादी नगं. यादी वाचत न्हाईत त्ये. पट्टाच पायजे."

दुपारी गेले. खिडकीच्या उजव्या कडेची सरकपट्टी वर कशी ओढायची ते आबांना दाखवलं. आठ वाजता चेअरमन येणार होते, तोवर त्यांनी ती पाच-सहा वेळा ओढून बघितली.